सरकारांच्या बॅटरीचं पाणी

"धूर दिसता कामा नये, गवगवा होता कामा नये, आणि उद्या सांजेपर्यंत भट्टी उकळली पाहिजे!" माळवंडी संस्थानचे श्रीमंत दौलतसिंगराव गरजले.

रखमाजी वायरमन जागच्या जागी गारठला. भट्टी म्हणजे दारूची, हे त्याला दिसतच होतं. वाड्यामागच्या न्हाणीघरात तांब्याचा भलामोठा हंडा, त्यात कुजवलेली मोसंबी, आणि शेजारी मुंबईहून आणवलेली विजेवर तापणारी सळई. लाकडं जाळली तर धूर साऱ्या गावाला दिसतो, म्हणून सरकारांनी ही अक्कल लढवली होती. सळई आदल्या दिवशी स्वतःच्या हातानं जोडायलाही गेले होते. विजेचा असा दणका बसला की अजून उजवी मिशी खाली बसायला तयार नव्हती!

"सरकार, पण दारूबंदी..." रखमाजी चाचरला.

"ती रयतेला!"

दारूबंदीचा हुकूम खुद्द सरकारांचाच. दारू गाळणारा आणि त्याला हातभार लावणारा, दोघांची गाढवावरून धिंड आणि संस्थानातून हकालपट्टी! आणि हुकूम पाळून घ्यायला दिवाण काशिनाथपंत होतेच. त्यांनी परवा एका म्हातारीचा काढासुद्धा गटारात ओतला होता.

"आणखी एक अडचण हाय सरकार," रखमाजी म्हणाला. "आपला डायनामो इवलासा. ही सळई लावली की गावातलं समदं दिवं मिणमिणत्याल."

"ते तुझं तू बघ. गावाला कळलं तर गाढवावर तू बसशील. आणि नाही म्हणालास तर आजच बसशील!"

इकडे आड तिकडे विहीर! रखमाजीनं घरी येऊन कपाळाला हात लावला. बायको गजरा भाकरी थापता थापता सगळं ऐकत होती.

"जोडून द्या," ती म्हणाली. "उद्या मी बी येते संगं."

"तू कशाला?"

"तुमी घाबरलं की खरं बोलता म्हणून!"

दुसऱ्या दिवशी रखमाजीनं तारा ओढल्या, सळई हंड्यात बसवली, चार वेळा तपासली. दिवेलागण झाली. आता माळवंडीची एक रीत होती. तेलाच्या दिव्याला हात जोडायची जुनी सवय लोकांनी विजेच्या दिव्यालाही लावली होती. बल्ब लागला की लहानथोर सगळे त्याच्यासमोर हात जोडून उभे! साऱ्या गावाची नजर बल्बवर, आणि नेमकं तेव्हाच सरकारांना धीर धरवेना. त्यांनी खटका दाबला.

गावातले दिवे विझत्या निखाऱ्यासारखे लालबुंद झाले.

"अगं बाई! देव कोपला!" कुणी ओरडलं. "कोपला कसला, आज वाड्यावर नव्या तारा ओढल्यात, तिथंच काहीतरी शिजतंय!" दुसरा म्हणाला. तासाभरात निम्मं गाव वाड्यामागं जमलं, आणि सगळ्यांच्या पुढं दिवाण काशिनाथपंत, मागं शिपाई!

न्हाणीघराचं दार धाडकन उघडलं. हंडा खदखदत होता. नळीतून थेंब थेंब बाटलीत पडत होता. सरकारांनी रखमाजीकडं बघून डोळे वटारले. झालं! आता गाढव, हद्दपारी, बायको उघड्यावर! त्याला रडूच कोसळलं.

"काय चाललंय इथं?" दिवाण कडाडले.

रखमाजीनं खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात गजरा पुढं झाली.

"बॅटरीचं पाणी काढतोय, दिवाणसाहेब! वीजघरातल्या बॅटऱ्यांना वाफेचंच पाणी लागतं. इहिरीचं चालत नाही. सरकारांना रयतेच्या दिव्याची केवढी काळजी, स्वतः उभं राहून काढून घेत्यात!"

सरकारांनी लगेच छाती पुढं काढली. पण दिवाणांनी बाटली उचलली, नाकाशी नेली आणि हर्षानं ओरडले, "पाणी? ही मोसंबीची दारू आहे! आणि तीही अस्सल पहिल्या धारेची!"

सरकारांची मिशी आता आपोआप खाली बसली.

गजरानं पदर सावरला. "असंल बाई. आमाला काय ठावं? सरकारांची दारूबंदी एवढी कडक की आमी कधी वास बी घेतला नाही. पण दिवाणसाहेब, तुमाला धार कितवी ते बी वळखू आलं! हा वास आणखी कुणाकुणाला वळखू येतोय, त्यांनी पुढं यावं. साक्षीला बरं!"

एक पाऊल हललं नाही!

हवालदारानं नाक पुसलं. "मला तर आठवडाभर सर्दी आहे."

"मला तर जन्मापासून वासच येत नाही," पुजारीबुवा म्हणाले आणि घाईघाईनं मागं सरले.

आता सारं गाव दिवाणांकडं टकामका बघू लागलं. काशिनाथपंतांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी बाटली पुन्हा हुंगली, जरा जास्तच वेळ हुंगली.

"हं! आमची चूक झाली," ते म्हणाले. "हे बॅटरीचंच पाणी."

लोक पांगू लागले. दिवाण मात्र रेंगाळले. गजराजवळ येऊन हळूच पुटपुटले, "यातलं थोडं आमच्या घरच्या बॅटरीलाही मिळालं तर..."

"पण दिवाणसाहेब," गजरा मोठ्यानं म्हणाली, "तुमच्या घरी अजून वीजच कुठं आलीय?"

सरकारांना हसू आवरेना! पोट धरून ते हंड्याशेजारच्या पाटावर बसले. "शाब्बास गं पोरी! आमची अब्रू राखलीस. माग, काय हवं ते माग! लुगडं? गोठ-पाटल्या?"

"ते तर घेईनच सरकार. पण आधी मोठा डायनामो मागवा आणि हंडा बी मोठा घ्या."

"तो कशाला?"

"मागं वळून बघा की!"

सरकारांनी वळून बघितलं. मघाशी पांगलेलं गाव परसदारी पुन्हा गोळा झालं होतं. पुढं हवालदार, त्याच्यामागं पुजारीबुवा, आणि प्रत्येकाच्या हातात रिकामा तांब्या!

सरकार असे खदखदून हसले की हंड्याचा आवाज ऐकू येईना. त्याच आठवड्यात मुंबईला मोठ्या डायनामोची तार गेली. गजराला लुगडं आणि गोठ-पाटल्या मिळाल्या, रखमाजीला मानाची पगडी, आणि माळवंडीचे दिवे त्यानंतर कधीच मिणमिणले नाहीत.