हौसाक्काचा विसावा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, पण अगदी राजाराणीच्या काळातली नव्हे हं. तेव्हा मोटारी होत्या, धरणं होती आणि धरणात बुडालेली गावंही होती. तरी त्यावरून इतके पावसाळे गेलेत, की त्यातलं खरं किती आणि तोंडोतोंडी वाढलेलं किती, ते मलाही सांगता यायचं नाही. ऐकलं तसं सांगतो. दमला असाल तर खुशाल पाय पसरून ऐका, या गोष्टीला ते चालतं.

धरणाच्या पाण्यापल्याड उंबरदरा नावाचं गाव होतं. मूळ गाव पाण्याखाली गेलं आणि माणसं वर डोंगराच्या उतारावर येऊन बसली. बाजार, दवाखाना, एसटी सगळं अल्याड. मधे अर्ध्या तासाचं पाणी आणि त्या पाण्यावर एकच होडी. होडीच्या पाठीला एक जुनी मोटार लटकवलेली, तिच्या डोक्यावरच पेट्रोलची टाकी. ती चालवायची हौसाक्का शेलार. नवरा गेल्यावर मोटार सुरू करायची दोरी त्याच्या हातातून हिच्या हातात आली. नाव हौसा, पण हौस म्हणून ती होडीत बसली नव्हती. दुसरं कुणी बसायला तयार नव्हतं, म्हणून बसली.

त्या मोटारीला एक खोड होती. काठावरून निघताना झकास चालायची. मध्यावर, जिथं खाली जुन्या भैरोबाचं देऊळ बुडालेलं होतं, तिथं आली की आवाज बसायचा, जोर जायचा आणि आचके देत बंद पडायची. मग हौसाक्का वल्हं काढायची आणि पुढचं निम्मं पाणी हातांनी कापायची. रोज दोन खेपा, बाजारच्या दिवशी चार. खांद्यांची पार लाकडं झाली होती. घरी आल्यावर भाकरी थापायला हात उचलत नसे, तेव्हा सकाळचीच शिळी पाण्याबरोबर गिळून पडायची. दमलीस का, असं तिला कुणी विचारलं नाही. रोज मरे त्याला कोण रडे.

तिनं उपाय कमी केले नाहीत. पेट्रोलात पाणी असेल म्हणून ते फडक्यातून गाळून घेतलं. प्लग काढून काचकागदानं घासला. पंख्याला शेवाळ गुंडाळलं असेल म्हणून गळ्याएवढ्या पाण्यात उतरून पंखा चाचपला. काही फरक पडला नाही.

गाव म्हणे, हे भैरोबाचं काम आहे. आपण मुखवटा वर आणला, पण देवाची जागा खाली पाण्यात टाकून आलो. तो अडवणारच. महादबा गुरव देवाचा पुजारी, मनानं सरळ माणूस. खंडेनवमीला हत्यारं पुजतात तशी तो होडीला मोटार लागल्यापासूनच ती पुजायचा. नारळ फोडायचा आणि टाकीच्या माथ्यावर तेलात कालवलेला शेंदूर चांगला बोटभर थापायचा. मोटार आणखी अडली की अमावास्येला आणखी एक पुट चढवायचा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, म्हणतात ते असं.

तिसऱ्या वर्षी खंडेनवमीला शेंदूर असा चढला, की टाकीचं झाकण कुठलं आणि टाकी कुठली ते ओळखू येईना. त्यानंतर मोटार मध्यापर्यंतही जाईना. मग गाव बसलं आणि ठरलं, की दिवाळी झाली की उंबरदरा सोडायचं. पठारावर सरकारनं प्लॉट दिलेत, तिकडं जायचं. होडी नाही तर गाव नाही.

हौसाक्का एका कडेला बसून ऐकत होती. तिनं एकदा घर उठवलं होतं. खालच्या गावातली चूल, उंबरा, परसातला शेवगा, सगळं पाण्याला देऊन ती वर चढली होती. पुन्हा एकदा उठायचं तिच्या मनात नव्हतं. पण भांडायला अंगात बळ नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "दिवाळीपतोर मला बघू द्या."

आणि दिवाळीला चारच दिवस उरले असताना, दुपारच्या उन्हात, ती एकटीच रिकामी होडी घेऊन परत येत होती. मोटार पुन्हा अडली. तिनं वल्ह्याकडे बघितलं, पण हात काही उचलला नाही. म्हणाली, "तू दमलीस, मी पण दमले. बसू दोघी." असं म्हणतात, की होडीत बसल्या जागी नुसतं बसण्याची तिची ती पहिलीच वेळ.

बसल्या बसल्या तिच्या मनात आलं, की ही थोडा वेळ पडून राहिली की पुन्हा चालते, आणि मग पुन्हा अडते. देव अडवत असता, तर बसून राहिल्यावर त्यानं का सोडलं असतं? ही तर दम लागलेल्या माणसासारखी करते आहे. पेट्रोल तरी आहे का बघावं, म्हणून तिनं जोर लावून झाकण फिरवलं. शेंदराची खपली निघाली आणि टाकीनं आत हवा ओढली, फुस्स. बुडता माणूस वर आल्यावर श्वास घेतो तसा. दोरी ओढली, तर मोटार एका दमात काठापर्यंत गेली.

काठावर तिनं बांगडीतली पिन काढली आणि झाकणावरचा शेंदूर खरवडला. सात पुटांखाली एक बारीकसं भोक निघालं. हवा आत जायची वाट होती ती, हवा शिरल्याशिवाय पेट्रोल खाली उतरत नाही, आणि ती वाट भक्तीनं लिंपून टाकलेली.

गावात ओरड झाली, की आक्कानं देवाचा शेंदूर खरवडला. महादबा रागानं लाल होऊन काठावर आला. हौसाक्का त्याला म्हणाली, "दादा, वाद घालायला मला ताकद न्हाई. होडीत बसा."

भर पाण्यात, देवळाच्या बरोबर वर, ती म्हणाली, "आता त्या भोकावर अंगठा ठेवा, आन् घट्ट दाबून धरा." महादबानं ठेवला. थोड्या वेळानं मोटारीचा आवाज बसला, आचके सुरू झाले. "काढा आता." अंगठा निघाला आणि मोटार पुन्हा गुरगुरू लागली. महादबानं तीनदा करून बघितलं. मग स्वतःच्या शेंदरी अंगठ्याकडे बघत बसला.

"म्हंजे देवानं न्हाई," तो म्हणाला, "म्याच तुझा गळा दाबला, तीन वर्षं."

"तुमी पूजाच केली, दादा," हौसाक्का म्हणाली. तिच्या आवाजात रागसुद्धा नव्हता, इतकी ती दमली होती.

दिवाळी झाली. गाव उठलं नाही.

पुढं ती मोटार वीस वर्षं चालली. एका पावसाळ्यात दरड आली, तेव्हा हौसाक्कानं एका टाकीत अकरा खेपा करून सगळं गाव अल्याड आणलं, आणि टाकीतलं पेट्रोल बोटभरही उतरलं नाही, असं म्हणतात. मोटार तिच्याशी बोलायची, असंही म्हणतात.

मग एके दिवशी, होडी माणसांनी भरलेली असताना, तिनं मध्यावर आपल्या हातानं मोटार बंद केली. म्हणाली, "जरा दम घेते." माणसांना एसटी गाठायची होती, पण कुणी हूं की चूं केलं नाही. आक्का आजवर असं कधी म्हणाली नव्हती, बसू दे तिला, असं प्रत्येकाला वाटलं. ती मोटारीला टेकून बसली आणि तशीच राहिली. बऱ्याच वेळानं मोटार आपणहून चालू झाली आणि तिनं होडी काठाला लावली, असं म्हणतात. आक्काचा हात मोटारीवर होता, तो गार पडला होता.

आज तिथं लोखंडी लाँच आहे. तिच्या इंजिनाला तसलं झाकणही नाही. पण ती जुनी मोटार अजून डोंगरावरच्या नव्या देवळात आहे. खंडेनवमीला गुरवाच्या घरचं माणूस तिची पूजा करतं, हार घालतं, शेंदूर लावतं, आणि झाकण तेवढं कोरडं ठेवून अर्धा फेरा सैल करतं. आणि रोज, प्रत्येक खेपेला, लाँच मध्यावर आली की इंजिन बंद होतं. कुणी बोलत नाही. परगावचा माणूस घड्याळ बघायला लागला, तर शेजारचा त्याच्या हातावर हात ठेवतो आणि सांगतो, की एसटी दुसरी मिळेल. मग चालवणारा पाण्याकडे बघून म्हणतो, "आक्का, बस जरा."

जिवंतपणी तिला हे कुणी म्हणालं नव्हतं. आता रोज म्हणतात.