सत्काराला कंटाळलेली वैद्यीण

सहा वर्षांच्या मुलीने "मोठी झाले की मी परदेशीच जाणार" म्हटलं, तर आईची झोप उडायचं काही कारण नाही. माझी उडाली. मग तिला समजवावं म्हणून ही गोष्ट रचली. समजूत नक्की कोणाची घालत होते, देव जाणे.

फार पूर्वी एका डोंगरी राज्यात एक वैद्यीण होती. तिथे दर हिवाळ्यात पोरांमध्ये खोकल्याची साथ यायची, काही पोरं दगावायची. वैद्यीण त्यावर औषध शोधत होती.

राजाला तिचा कोण अभिमान! जरा कुठे सवड मिळाली, की दरबारात तिचा सत्कार. शाल, नारळ आणि प्रधानजींचं लांबलचक भाषण. ती घरी पोचेपर्यंत चुलीवरचा काढा करपलेला असायचा. वर वाटेत भेटेल तो विचारायचा, "काय वैद्यीणबाई, झालं का औषध?"

"नाही अजून."

"अहो, मग सत्कार कसले घेता?"

शेवटी शेजारच्या राज्यातून बोलावणं आलं, तेव्हा तिने गाढवावर खलबत्ता बांधला आणि तिकडची वाट धरली.

प्रधानजी धावत आले. "महाराज, वैद्यीणबाई चालल्या! वेशीवर निरोपाचा जंगी सत्कार ठेवू या?"

"आणि पोरांचा खोकला?" राणी कडाडली. तिच्या मांडीवरचं बाळ खोकून खोकून लाल झालं होतं.

राजा अनवाणीच वेशीकडे पळाला. "बाई, ते किती देतात? मी दुप्पट देतो!"

"त्यांनी फक्त विचारलं, तुम्हाला काय लागतं."

राजा जरा वरमला. "बरं, काय लागतं?"

"आतून कडी लावता येईल अशी खोली. हाताखाली दोन माणसं. आणि औषध फसलं तर कोणी हसायचं नाही."

"म्हणजे, फसेल?"

"पुष्कळदा."

राजाला हे जड गेलं. तेवढ्यात प्रधानजी धापा टाकत शाल घेऊन पोचले. राजाने ती त्यांच्याच खांद्यावर टाकली. "बाईंना खोली द्या. आजच."

गाढव मागे वळलं.

त्या हिवाळ्यात औषध फसलं. पुढच्याही. लोकांनी ओठ आवळून धरले, पण कोणी हसलं नाही. त्यानंतरच्या थंडीत मात्र राणीचं बाळ औषध घेऊन शांत झोपलं. मग शेजारचं, मग साऱ्या राज्यातली पोरं झोपली. आणि त्यांच्या आयांनी, कितीतरी हिवाळ्यांनंतर, निवांत पाठ टेकली.

तात्पर्य, मला जमेल तसं: शोध घेणारं माणूस आपल्याकडे राहावं असं वाटत असेल, तर नुसतं कौतुक करू नये. त्याला काम करू द्यावं, चुकूही द्यावं.

लेकीने हे सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण आई, आतून कडी लावल्यावर तिला जेवायला हाक कोण मारायचं?"