बंद खोलीतली धूळ

"...मग ही धूळ आत येते कुठून, भन्तेजी?"

विचारता विचारताच रामटेके सरांना शिंक आली. मग दुसरी. मग शिंकांची रांगच लागली.

वृद्ध भन्ते धम्मसार भोजनदानासाठी त्यांच्या घरी आले होते. जेवण आटोपलं होतं. शिंका थांबेपर्यंत ते शांत बसून राहिले.

सरांनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. गाव कोळशाच्या खाणीचं. अंगणातल्या जास्वंदीची पानंही काळी पडलेली. म्हणून सरांनी खिडक्यांना रबराच्या पट्ट्या लावल्या होत्या, दारांच्या फटी बुजवल्या होत्या. कोपऱ्यात एअर प्युरिफायर घरघरत होता.

"खाणीचा कण आत येऊ देत नाही मी," सर म्हणाले. आवाजात थोडा अभिमान होता. "तरी सकाळी उठतो तो शिंकतच. डोळे चुरचुरतात. पहाटे छाती भरून येते."

"घरी कोण येतं?"

"मुलगी यायची."

"यायची?"

"मागच्या खेपेला नातीला इथे दम लागला. डॉक्टर म्हणाले, धुळीची ॲलर्जी. त्यानंतरच मी सगळ्या फटी बुजवल्या. मुलीला तसं कळवलंही. पण..."

भन्तेजी उठले. "झोपता कुठे?"

आतली खोली अंधारी होती, कोंदट. पलंगावर दोन गाद्या. एकीवर चुरगळलेली चादर. दुसरीवर नीट अंथरलेली गोधडी आणि उशी. उशीला डोक्याचा खोलगा तसाच होता.

"ही कौसल्याबाईंची?"

सरांनी मान हलवली. "बायको गेल्यापासून हलवली नाही."

"कधी ऊन दाखवलं?"

"...नाही."

भन्तेजींनी पडदा थोडा सारला. उन्हाची तिरीप गादीवर पडली. त्यांनी तळहाताने गादीवर हलकेच थोपटलं.

तिरिपेत धूळ उठली. बारीक, पांढरट, चमकणारी. कोळशासारखी नव्हतीच ती.

सर खोकू लागले. भन्तेजींनी खांद्यावरचा पंचा त्यांच्या नाकाशी धरला.

"सर, ही कसली धूळ?"

सरांनी पंचा स्वतःच्या हातात घेतला.

"कापूस असतो," ते म्हणाले. "गोधडीचे धागे. आणि... माणसाच्या कातडीचे बारीक कण झडत असतात. त्यांच्यावर किडे जगतात, डोळ्यांना न दिसणारे. पुष्कळांना त्यांचीच ॲलर्जी असते."

"हे केव्हा कळलं?"

"मीच शिकवायचो. नववीच्या वर्गाला."

"म्हणजे ठाऊक होतं."

"होतं..." सर पलंगाच्या कडेला टेकले. पंच्याआडून आवाज दबून आला. "भन्तेजी, यातले काही कण तिचे असतील. घरात आता तिचं तेवढंच आहे."

भन्तेजी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गेले, वाकले आणि गादीचं एक टोक दोन्ही हातांनी उचललं. तसेच उभे राहिले.

म्हातारे हात. ते थरथरू लागले.

तरी त्यांनी गादी खाली ठेवली नाही.

सर पाहत राहिले. मग उठले. पंचा नाकावर बांधला आणि दुसरं टोक धरलं.

दोघांनी मिळून गादी अंगणात आणली, कुंपणाच्या भिंतीवर टाकली. ऊन चढलं होतं. रस्त्यावरून कोळशाचा ट्रक गेला.

"इथे खाणीची धूळ बसेल हिच्यावर," सर म्हणाले.

"बसेल."

"मग फायदा काय?"

भन्तेजींनी कुंपणाजवळ पडलेली एक काठी आणली आणि सरांच्या हातात दिली.

सरांनी काठी उगारली. हात वरच राहिला. ते गादीकडे बघत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते धुळीचं नव्हतं.

"भन्तेजी... मारवत नाही."

भन्तेजी जवळ आले.

"हळू मारा," ते म्हणाले. "पण मारा."