घाण्याचं पहिलं मुसळ

ठमावर कुणी विश्वास ठेवला नाही. दात पडले, डोळे गेले, तरी ती दोन गोष्टी सांगत राहिली. एक, अक्षर धरायची चाल तिच्या तोंडातून निघाली. दोन, बयजानं तिच्या नावाची ओळ केली होती. दोन्ही खऱ्या होत्या. पण सांगणारीचं तोंड आधी लोकांना आवडावं लागतं!

तर ऐका. डोंगराच्या पोटाशी साळवाडी आहे, तिथं गिरणीचा पट्टा कुणी पाहिलासुद्धा नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. भात उखळात घालायचं आणि मुसळानं कांडायचं. एका उखळावर दोघी समोरासमोर, एकीचं मुसळ वर तर दुसरीचं खाली. ताल चुकला की मुसळावर मुसळ, नाहीतर बोटावर. वाडीत एकाही बाईचं नख धड नव्हतं. ठमाचं मात्र होतं. तिच्या दंडात म्हशीचं बळ होतं असं म्हणतात. म्हणून लग्नाचा घाणा भरायचा, म्हणजे लग्नाचं पहिलं भात कांडायचं, की पहिलं मुसळ ठमाचं. पोटी मूल नाही, अंगावर फुटका मणी नाही, नवरा असून नसल्यासारखा. तिचं म्हणावं असं तेवढं एक मुसळ.

मग घाटावरून धाकटी जाऊ आली, बयजा. हात काडीसारखे.

एकदा म्हशीनं लाथ मारून मडकं फोडलं. ठमा कडाडली, "मेले म्हशी, माझं मातीचं मडकं मोडलंस!"

बयजा खुदकन हसली. "थोरल्या बाई, अहो सहाच्या सहा म! परत म्हणा की."

"तुझ्या आईला म्हणून दाखव!"

बयजा रागावली नाही. तिनं मुसळ उचललं आणि तीच शिवी घोळवत एकेका म वर एकेक घाव टाकला. जीभ फिरून त्याच जागी येई, आणि जिभेमागोमाग हात. घाव इकडचा तिकडे झाला नाही. शाळेत मास्तर याला अनुप्रास म्हणतात. साळवाडीत अक्षर धरणं म्हणतात.

त्या दिवसापासून बायका ओळी धरून कांडू लागल्या, एक शब्द हिचा, एक तिचा. बयजानं स ची ओळ धरली की कोंडा आपल्या पायानं सुपाबाहेर जाई, असं म्हणतात. पाटलाची गोजरा तोतरी होती, तिचं लग्न ठरत नव्हतं. बयजानं तिला ग ची ओळ दिली. पहिल्या ग वर जीभ ठरली, मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, जशी पोर पायऱ्या चढते तशी. महिन्यात गोजरा घडाघडा बोलू लागली. लग्न ठरलं.

ठमानंही ओळ करून पाहिली, "कावळा कुदळ कढई काल." मुसळं अडकली आणि बायका पोट धरून हसल्या. बयजा हळूच म्हणाली, "बाई, नुसतं अक्षर म्हणजे कोंडा. ओळीनं काही सांगायला हवं, तर हात ऐकतो."

"ही चाल काढलीस कुठून गं?" बायका विचारीत.

"थोरल्या बाईंनी म्हशीला शिवी दिली ना, त्यातून."

"बघा, किती मोठं मन पोरीचं!" जितकं ती खरं सांगे तितकी तीच मोठी होई. ठमाच्या पोटात निखारा पडला. चुलीतला निखारा राखेनं तरी झाकतो, हा झाकेना.

बयजानं कासारावर ओळ केली, कुंभारणीवर केली, त्या लाथाळ म्हशीवरसुद्धा केली. ठमावर नाही. शेवटी ठमानं विचारलंच, "माझं नाव विटाळलंय का गं?"

"ठ अवघड आहे, बाई. ठेच, ठसका, ठोकर, ठणका. त्यात बसवू का तुम्हाला? चांगली जुळली की घेते."

ठमानं ठेच ऐकली, ठोकर ऐकली. पुढचं काही तिच्या कानात शिरलं नाही.

गोजराचा घाणा भरायचा दिवस आला. पाटलीणबाईंनी पहिलं मुसळ बयजाच्या हातात दिलं. दुसरं ठमाला. सगळ्या वाडीसमोर.

ओळ सुरू झाली. "गोजराच्या," बयजा. "गळ्यात," ठमा. "गरसोळी." "गणगोतात." "गुळाची." "गोडी." ओळ संपली की क्षणभर थांबायचं. तेवढ्यात बयजा उखळात हात घालून भात सारखं करी. पुन्हा गोजराच्या, पुन्हा गळ्यात. भात स्वतःच उड्या मारून सोलून निघत होतं, असं म्हणतात. बायका डोलत होत्या. ठमाकडं कुणी बघत नव्हतं.

तिसऱ्यांदा गोडी आली, आणि त्या मोकळ्या जागेत ठमानं ओळीत नसलेला शब्द टाकला. "ठमा!" आणि शब्दाबरोबर मुसळ. एकदा तरी आपलं नाव उखळावर पडावं, एवढंच मनात होतं. तिथं बयजाचा हात असतो हे ती विसरली होती की नव्हती, ते तिचं तिला ठाऊक.

तांदूळ लाल झाले. एकच गलका उठला. त्या गलक्यात बयजा ठमाच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "थोरल्या बाई, पुढची ओळ तुमचीच होती. 'ठेवणीतल्या ठुशीसारखी ठसठशीत ठमा.' जरा दम धरला असता तर!"

मग ती हात धुवायला नदीवर गेली ती परत आली नाही. रक्ताची रेघ प्रवाहाच्या उलटी, वर माहेराकडे चढत गेली, असं म्हणतात. उखळातले ते तांदूळ कुणीतरी वरच्या खाचरात फेकले. तांदूळ कधी उगवतात का? पण ते उगवले. त्या खाचरात आजही भात लाल येतं.

अजून साळवाडीत घाणा भरताना पहिलं मुसळ बयजाच्या नावानं रिकाम्या उखळात पडतं. मग नवरीच्या नावाचं अक्षर धरतात आणि ओळ करतात. ठ वरून लेकीचं नाव कुणी ठेवत नाही. आणि घाण्यात तांदळाची एक जरी कणी झाली, तरी लग्नघरची म्हातारी विचारते, "कुणी मोडलं गं?" आणि सगळ्या बाया एका सुरात, एका घावात म्हणतात, "ठमा!"