घाटातला कोल्हा आणि म्हातारा सायकलस्वार

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. कुठल्या राज्यातली, ते आता कुणाला ठाऊक नाही. पण त्या राज्यात सायकली होत्या, एवढं खरं. आणि तिथले प्राणी बोलत नसत, हेही आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे गोंधळ नको.

दरवर्षी तिथे मोठी शर्यत व्हायची. राजवाड्यापासून निघायचं, राज्याच्या चारही सीमांना शिवायचं आणि परत यायचं. चार दिवस लागत. वाटेत किती झोपायचं, ते ज्याचं त्याने ठरवायचं. जो पहिला येईल, त्याची धुळीने माखलेली सायकल राजा स्वतःच्या हाताने धुवायचा.

एका गावातला एक माणूस या शर्यतीत एकतीस वर्षं उतरला. केस पिकले, गुडघे कुरकुरू लागले, पण त्याने शर्यत कधी अर्ध्यावर सोडली नाही. आणि तो कधी पहिलाही आला नाही.

कारण सगळ्यांना माहीत होतं. झोप नसली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं असं होतं, की नसलेलं दिसतं आणि न बोलणारं बोलतं. मैलाच्या दगडाने ‘राम राम’ केला, की हा गडी सायकल आडवी टाकायचा आणि तिथेच झोपायचा.

मागून येणारी पोरं हसायची. “काय काका, लागली का समाधी?”

“तुमचा दगड अजून बोलला नाही वाटतं,” एवढं म्हणून तो कूस बदलायचा.

बत्तिसाव्या वर्षी बायको म्हणाली, “यंदाचं शेवटचं हं. आता माझ्याच्याने वाट बघवत नाही.”

तो ‘हो’ म्हणाला. मनात मात्र आलं, एकदा, फक्त एकदा, राजाने आपली सायकल धुवावी.

आणि काय सांगू, चौथ्या दिवशी दुपारी तो खरंच सगळ्यांच्या पुढे होता. शेवटचा घाट चढून झाला. ऊन मी म्हणत होतं, पापण्या मिटत होत्या. इतक्यात एक कोल्हा त्याच्या बरोबरीने धावू लागला.

“थांबू नका,” कोल्हा म्हणाला. “यंदा तुम्हीच पहिले.”

“तू बोलतोयस, म्हणजे मला झोपायला हवं.”

“ते नवख्यांनी. तुमच्यासारख्या मुरलेल्या माणसाला झोप काय करणार?”

असं कुणीतरी म्हणावं, हेच त्याला कित्येक वर्षं वाटत होतं. त्याने उतारावर सायकल सोडली.

“मागचे किती लांब आहेत रे?”

“दिसतसुद्धा नाहीत.”

“राजा सायकल नीट धुतो का?”

“साखळीसकट.”

“आणि या उतारावर वळणं किती?”

“एकही नाही. सरळ राजवाडा.”

ती अकरा वळणं तो एकतीस वर्षं मोजत आला होता. त्याने दोन्ही ब्रेक करकचून दाबले, धडपडत उतरला आणि कडेच्या करंजाखाली आडवा झाला.

जाग आली तेव्हा कोल्हा नव्हता. रस्त्यावर ब्रेकची काळी रेघ होती. ती दरीच्या काठापासून हातभर अलीकडे संपली होती. तो बराच वेळ तिच्याकडे बघत बसला. मग उठला आणि एकेक वळण मोजत सावकाश खाली उतरला. तोवर तिघं पुढे निघून गेले होते.

“कितवे आलात?” शेजारणीने कुंपणावरून विचारलंच.

“घरी आलेत,” बायकोनेच उत्तर दिलं. ती त्याचे हातपाय चाचपून बघत होती.

मग त्याने कोल्ह्याची हकिकत सांगितली. “जे मला ऐकायचं होतं, तेवढंच बोलत होता गं.”

“मी कधी इतकं गोड बोलले का?”

“नाही ना. म्हणून तर घर ओळखता येतं.”

ती हसली, तोही हसला. तिने ऊन पाणी आणलं. त्यात पाय बुडवून त्याने असा लांब श्वास सोडला, की शेजारणीलासुद्धा हायसं वाटलं.

तात्पर्य : दमलेल्या जिवाला अगदी मनासारखा सल्ला मिळाला, तर तो मानण्याआधी एक झोप काढावी.