कप कुठल्या हातात होता?

“मग चूक कुणाची म्हणायची, बाई?”

विक्रांत इंगवलेनं तिसऱ्यांदा विचारलं. सरनोबतबाई चष्मा पुसत होत्या. काच पुसून झाली, खिडकीच्या उजेडात धरून झाली, पुन्हा पुसायला घेतली.

दुसरं कुणी असतं तर विक्रांतनं तोंड सोडलं असतं. पण बाईंपुढं कुणाची टाप! चाळीस वर्षं त्यांनी सिनेमे जोडले. फिल्मची रिळं हातात धरून कात्रीनं कापायच्या काळापासून. आता कोल्हापुरातल्या फिल्मशाळेत संकलन शिकवायला येत, तेव्हा मागच्या बाकावरची टारगट मंडळीसुद्धा वह्या उघडून बसत.

आणि हा विक्रांत... पोरगा हुशार, त्यात वादच नाही. पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही. आपल्या कामात खोट निघाली की ती दुसऱ्याचीच असणार, हे त्यानं जन्मतःच ठरवून टाकलेलं.

बाईंचा पहिला सराव दरवर्षी एकच. एका माणसानं दार उघडून आत यायचं, खुर्चीवर बसायचं, समोरच्याशी एखाददुसरं वाक्य बोलायचं. शॉट वेगवेगळे घ्यायचे, पण असे जोडायचे की सगळं एका दमात घडल्यासारखं वाटलं पाहिजे. जोड दिसला की नापास. आणि पुन्हा शूटिंग करायला मिळणार नाही.

विक्रांतच्या फिल्ममध्ये एक मुलगी घरात येते. बाप चहा पीत बसलेला असतो. ती समोर बसते आणि मान खाली घालून म्हणते, “बाबा, मला जावं लागेल.” बाप म्हणतो, “चहा घेऊन जा.” संपली फिल्म.

घोळ केला तो कपानं. लांबून घेतलेल्या शॉटमध्ये कप बापाच्या उजव्या हातात, आणि जवळून घेतलेल्यात डाव्या! दर टेकला, म्हणजे शॉट घ्यायच्या दर खेपेला, कुठली वस्तू कुठल्या हातात होती, हे कागदावर टिपून ठेवायचं काम पल्लवी नाईकवडेचं. तिनं ते टिपलंच नव्हतं.

झालं. विक्रांतनं अर्ज खरडला. पल्लवीला वर्षअखेरच्या डिप्लोमा फिल्मच्या युनिटमधून काढावं. पुरावा म्हणून तिचाच तो कागद मागं टाचला. आता बाईंची एक सही तेवढी बाकी होती. सही झाली की पल्लवीचं अख्खं वर्ष पाण्यात. घरच्यांशी दोन वर्षं भांडून इथं आलेली पोरगी ती, सकाळपासून बाहेर जिन्यात बसून होती.

“अर्ज राहू दे,” बाई म्हणाल्या. “आधी फिल्म लाव.”

विक्रांत खुलला. आठ दिवस जिवाचं रान करून त्यानं ती चूक लपवली होती. त्याचं कौतुक करायला कुणीतरी हवंच होतं.

पडद्यावर दार उघडलं. मुलगी आली, बसली, खाली बघून बोलली. मग भिंतीवरचं घड्याळ. मग बापाचा चेहरा.

बाईंनी हात वर केला. फिल्म थांबली.

“किती वाजले रे?”

विक्रांतनं मनगटाकडं बघितलं. “साडेदहा, बाई.”

“इथले नव्हे. तुझ्या फिल्ममधले.”

“...लक्षात नाही.”

“मग मला घड्याळ दाखवलंस कशाला?”

“मध्ये घड्याळ आलं की कपाचा हात बदललेला कळत नाही, बाई.”

“असं होय! म्हणजे पाहुणे यायच्या आधी पसारा पलंगाखाली सारतात, तसं.” बाई हसल्या. “आणि मी मेली आल्या आल्या पलंगाखालीच वाकून बघितलं.”

विक्रांतचे कान तापले.

“काढ ते घड्याळ. लांबचा शॉट लाव, सबंध. आवाज बंद कर.”

त्यानं लावला. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पाठ सरळ केली आणि कापायची जागा येताच थांबवायला एक बोट बटणावर अधांतरी धरलं.

मुलगी आली. बसली. ओठ हलले...

टक्. बोट बटणावर पडलं, फिल्म थांबली. पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा विक्रांतनं लिहून घेतला.

“पुन्हा.”

टक्.

त्यानं आकडा बघितला. तोच! सेकंदाचे चोवीस तुकडे असतात, आणि बाईंचं बोट नेमकं त्याच तुकड्यावर पडलं होतं.

“पुन्हा.”

टक्. तिसऱ्यांदाही तोच आकडा.

विक्रांतच्या अंगावर सर्रकन काटा आला. बाईंची नजर हलली नव्हती, श्वास हलला नव्हता. त्यानं न राहवून स्वतः करून बघितलं. पहिल्यांदा चार तुकड्यांनी चुकला, दुसऱ्यांदा नऊ. तिसऱ्यांदा बोट खिशात घातलं.

“काय आहे तिथं?” बाईंनी विचारलं.

तो पडद्याजवळ सरकला. मान खाली घालून बोलून झाल्यावर ती मुलगी डोळे वर उचलत होती. बापाकडं. जरासेच. आता बाप काय म्हणतोय, या धास्तीनं.

“हे... हे मी बघितलंच नाही, बाई. दर वेळी याच्या आधीच कापलं मी.”

“बघणार कसं? तू कपाला राखण बसला होतास ना.”

बाईंनी टेबलावरचा अर्ज त्याच्यापुढं सरकवला.

“आता अर्जाला टाचलेला तो कागद वाच.”

“वाचलाय, बाई. हा लांबचा शॉट म्हणजे टेक दोन. त्याला हाताचा रकाना कोराच आहे.”

“त्याच्या शेजारी?”

शेजारी समासात पेन्सिलीनं काहीतरी होतं. घाईत लिहिलेलं, अक्षर वाकडं. त्यानं कागद तिरपा धरला.

“टेक दोन. या वेळी ती शेवटी वर बघते. हाच घ्या.”

खाली दोन रेघा मारलेल्या होत्या...

हा कागद त्यानं स्वतःच्या हातानं टाचला होता. कोरा रकाना बघितला आणि पुढं एक अक्षर वाचलं नव्हतं. त्याला स्वतःची अशी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती.

“जोड,” बाई म्हणाल्या.

मुलीचे डोळे वर उचलले जातात तिथं त्यानं कापलं, आणि लगेच बापाचा चेहरा लावला. मध्ये काही नाही.

“चालव.”

दार उघडलं. मुलगी आली, बसली. “बाबा, मला जावं लागेल.” डोळे वर गेले... बापाचा चेहरा. किती वेळ तो नुसता बघत राहिला.

“चहा घेऊन जा.”

हे वाक्य विक्रांतनं स्वतः लिहिलं होतं, आठ दिवसांत शेदोनशे वेळा ऐकलं होतं. पण हा माणूस लेकीला चहापुरती तरी थांबवून घेतोय, हे त्याला आज कळलं.

“छान जुळलं हो,” बाई हळूच म्हणाल्या. मग त्याच्याकडं वळल्या. “कप कुठल्या हातात होता?”

विक्रांतनं तोंड उघडलं.

...आणि मिटलं. आठ दिवस झोपेतही ज्याला तो कप दिसत होता, त्याला आत्ता तो दिसला नव्हता. त्याचा हात मागचं पुन्हा बघायला बटणाकडं गेला. बाईंनी त्यावर आपला हात ठेवला.

“नको.”

मग टेबलावरचा अर्ज त्यानं ओढून घेतला, टाचणी काढली. पल्लवीचा कागद नीट सरळ करून बाईंपुढं ठेवला आणि अर्ज घडी घालून स्वतःच्या खिशात कोंबला.

बाई पुन्हा चष्मा पुसायला लागल्या.

दाराशी जाऊन तो थांबला. बाहेर जिन्यात पल्लवी गुडघ्यांत मान घालून बसलेली दिसत होती.

“बाई, एक विचारू?”

“विचार की.”

“कप चुकलाय हे तर खरंच ना? आपण तो काही दुरुस्त केला नाही.”

“नाही केला.”

“मग ती चूक गेली कुठं?”

बाईंनी काच खिडकीच्या उजेडात धरली.

“होती तिथंच आहे, बाळा. तू आता पोरीकडं बघतोयस.”