ओंजळ सुटेपर्यंत

एकदा एक वृद्ध न्यायपंडित राजदरबार सोडून डोंगरातल्या खिंडीत पाणपोई चालवू लागले, तेव्हा लोक म्हणाले, "म्हातारचळ लागला." त्या खिंडीच्या अलीकडे एक राज्य होते, पलीकडे दुसरे. खिंड मात्र कोणाचीच नव्हती. दोन्ही राज्यांत युद्ध पेटले होते, तरी पोटासाठी माणसे ये-जा करीतच होती. कातळात खोदलेल्या टाक्यातले पाणी झारीने वाटसरूच्या ओंजळीत घालायचे, एवढेच पंडितांचे काम. तिथला नियम जुना होता. पिणारा स्वतः ओंजळ सोडेपर्यंत त्याला नाव-गाव विचारायचे नाही.

त्यांच्याकडे एक तरुण मुलगी शिकायला आली. तिने पहिल्याच दिवशी विचारले, "गुरुजी, राज्यात राजाचा कायदा चालतो. पण दोन राजांच्या वर तिसरा राजा नाही. मग त्यांच्यातला कायदा कशावर उभा असतो?"

उत्तरादाखल पंडितांनी तिच्या हातात झारी दिली.

तिने ती आनंदाने घेतली, कारण तिचा खरा हेतू वेगळा होता. युद्धापूर्वी तिचा थोरला भाऊ घोंगड्या विकायला पलीकडे गेला होता, तो परतला नव्हता. खिंडीतून पलीकडचा रस्ता दिसे. वळणावर एखादा ठिपका हलला की तिचे काळीज हले. ठिपका जवळ येई, आणि तो कोणीतरी दुसराच असे.

एकदा एक जाडा व्यापारी पोटभर पाणी पिऊन म्हणाला, "फुकट पाणी, वर एकही प्रश्न नाही! पंडितजी, माझ्या सासुरवाडीतसुद्धा असा पाहुणचार होत नाही हो."

"तिथे तुम्ही ओंजळ सोडतच नसाल," पंडित म्हणाले. व्यापारी गदगदून हसला.

एका टळटळीत दुपारी पलीकडून एक तरुण आला. डावा पाय ओढत चालत होता. पागोटे बांधण्याची तऱ्हा शत्रुराज्याची होती. त्याने ओंजळ पुढे केली. मुलीने झारी कलती केली, आणि पाण्याची पहिली धार पडते न पडते तोच तिच्या तोंडून निघून गेले, "कुठल्या गावचे तुम्ही?"

तरुणाने मान वर केली. तिच्या डोळ्यांतला संशय त्याने पाहिला. त्याची बोटे उघडली, पाणी कातळावर सांडले आणि तो तसाच अलीकडच्या उतरणीला लागला. त्या उतरणीवर ओढ्यापर्यंत पाण्याचा थेंब नव्हता.

पंडित टाक्यामागून आले. त्यांनी ओला कातळ पाहिला, उतरणीकडे पाहिले आणि ते झपाझप तिकडे निघाले. दिवस मावळता मावळता ते धापा टाकीत परतले. ती काही विचारू धजली नाही.

सकाळी ते म्हणाले, "आज पलीकडे उतरून जा. पाणी बरोबर नेऊ नकोस."

"गुरुजी, माझ्या लुगड्यावरून, बोलण्यावरून कोणीही ओळखेल मी कुठली ते!"

"ओळखू दे."

ही शिक्षा आहे असे समजून ती निघाली. पायथ्याला पोहोचेपर्यंत घशाला कोरड पडली होती. करंजाच्या झाडाखाली एक म्हातारी रांजण घेऊन बसली होती. तिने मुलीला पायापासून डोक्यापर्यंत निरखले. मुलीचे पाय थबकले. म्हातारी करवादली, "अगं, उभी काय राहतेस खांबासारखी? हात पुढं कर!"

मुलगी प्यायली. पिता पिता रडली. म्हातारीची धार थांबली नाही. ओंजळ सुटल्यावरच तिने विचारले, "वरून आलीस? वर पाणी मिळतं ना गं अजून? माझा लेक काल गेलाय त्या वाटेनं. पाय अधू आहे त्याचा. लहानपणापासून तहान म्हणून सोसत नाही त्याला."

मुलीने ओल्या हातांनी डोळे पुसले. शेवटी ती कशीबशी म्हणाली, "आजी, माझा भाऊ या वाटेने गेला होता. घोंगड्या घेऊन. उंच आहे. तुम्ही पाहिला असेल का?"

"कसं सांगू, बाई? पिणाऱ्याची मान खाली असते. मला नुसत्या ओंजळी दिसतात." म्हातारीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "पण या वाटेनं गेला असेल, तर पाणी पिऊन गेला असेल. एवढं मी सांगते."

मुलगी धावतच चढ चढली. पंडितांचे पाय धरून म्हणाली, "तो त्या आजींचा मुलगा होता. तो जगला का, गुरुजी?"

"ओढ्याच्या अलीकडेच पडला होता. मी झारी घेऊन गेलो, म्हणून वाचला. ओंजळ सुटल्यावर त्यानेच सांगितले, आई खाली पाणी पाजते म्हणून." पंडित तिच्याशेजारी बसले. "दरबारात मी पुष्कळ तह लिहिले. काही तर शाई वाळण्याआधीच मोडले. पण त्या बाईचा आणि माझा कसलाच तह नाही. आपला लेक परक्या मुलखात तहानेने मरू नये असे तिला वाटते, म्हणून ती परक्याच्या लेकाला पाणी घालते. तू विचारलेला कायदा या इच्छेवर उभा आहे, तिच्याखाली दुसरा पाया नाही. राजाने दिलेले राजा परत मागू शकतो. पण जगण्याचा हक्क कोणत्या राजाने दिला? तो माणसाबरोबर येतो, गाव नंतर कळते. तू काल गाव आधी विचारलेस. त्या प्रश्नाने तुझ्या भावाच्याही ओंजळीतले पाणी सांडले, पोरी."



संध्याकाळी पलीकडच्या वळणावर एक ठिपका हलला. उंच होता. तिचे काळीज हलले. तो जवळ आला, आणि कोणीतरी दुसराच निघाला. तिने झारी उचलली. त्याची मान खाली होती, आणि तिला फक्त धुळीने माखलेली ओंजळ दिसत होती. ती कोणाचीही असू शकली असती. त्याने हात सोडले, तोंड पुसले, तेव्हा तिने हळूच विचारले,

"दादा, खाली करंजाखाली एक आजी बसतात. परत जाताना त्यांना एवढे सांगाल का, वर अजून पाणी मिळते म्हणून?"